हेडलाइटची काच पिवळी पडल्यावर: घासणे आणि त्यानंतरचा लेप

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका गृहस्थांची दहा-अकरा वर्षांची हॅचबॅक इमारतीसमोर उघड्यावर उभी असते. तिच्या हेडलाइटच्या दोन्ही काचा पिवळट आणि धूसर झाल्या आहेत, त्यातही डावी जास्त. त्यांनी टूथपेस्ट लावून घासून पाहिले. काचा उजळल्या आणि दोनेक महिन्यांत पुन्हा होत्या तशा झाल्या. आता गॅरेजवाला दोन्ही असेंब्ली (म्हणजे काच, आरसा आणि आवरणासह पूर्ण दिवे) बदला म्हणतो, तर ॲक्सेसरीच्या दुकानातला कारागीर वाफ देऊन दहा मिनिटांत काच नवी करून देतो म्हणतो. यांपैकी कोणाचे ऐकावे, की घरीच काही करता येईल, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. आपण वर्णन केलेल्या काचा बहुधा वाचवता येतील, त्यामुळे असेंब्ली बदलण्याची घाई करू नये. वाफेचा उपाय टाळावा. घासण्याचा पेपर (पॉलिश पेपर) आणि पॉलिश यांनी काच स्वच्छ होते, हे काम घरी जमण्यासारखे आहे; परंतु ते निम्मेच काम आहे. काच स्वच्छ किती दिवस राहणार हे ती किती चांगली घासली यावर ठरत नाही, घासून झाल्यावर तिच्यावर कोणता संरक्षक लेप चढवला यावर ठरते. आपली टूथपेस्ट दोन महिन्यांत वाया गेली ती याच कारणाने, आणि पैसे देऊन करून घेतलेली बहुतेक कामेही याच ठिकाणी फसतात.

आजच्या गाड्यांच्या हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची असते. जर्मनीत बायर कंपनीतील हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स यांनी १९५३च्या सुमारास हा पदार्थ एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केला. तो हलका असतो, दगड लागला तरी सहसा फुटत नाही आणि त्याला हवा तसा वळणदार आकार देता येतो, म्हणून गाड्यांनी तो स्वीकारला. अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनीचा गोल दिवा खऱ्या काचेचा असे. तो तडकत असे, फुटत असे, पण पिवळा पडत नसे. पॉलिकार्बोनेटचे दोन दोष आहेत: त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याला मानवत नाहीत. या किरणांनी त्याच्या पृष्ठभागाजवळच्या थरातील रासायनिक बंध तुटतात, हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि पिवळी संयुगे तयार होतात. हे घडू नये म्हणून कारखान्यातच काचेवर एक कठीण पारदर्शक लेप चढवलेला असतो. त्याची जाडी साधारण दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्याही काही अंशाइतकीच असते, आणि त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ही द्रव्ये वर्षानुवर्षे ऊन सोसून संपत जातात, लेपाला बारीक भेगा पडतात, तो जागोजागी सुटतो आणि त्याखालचे प्लॅस्टिक उघडे पडते.

काच सगळीकडे सारखी का खराब होत नाही, हेही यातून उलगडते. दिव्याचा वरचा, आकाशाकडे कललेला भाग आधी पिवळा पडतो, कारण थेट ऊन त्यावर येते. खालचा उभा भाग बराच काळ चांगला राहतो. डावी काच जास्त बिघडली असेल तर गाडी रोज कोणत्या दिशेला तोंड करून उभी असते आणि तिच्या कोणत्या बाजूला भिंतीची किंवा झाडाची सावली पडते ते पाहावे. आपल्या अक्षांशावर वर्षातील बराच काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिण किंवा पश्चिम बाजूला उघडा राहणारा दिवा आधी जातो. दिव्यात काही बिघाड आहे असा त्याचा अर्थ नाही.

ऊन हे मुख्य कारण असले तरी ते एकटे नसते. सकाळी धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवण्याची पद्धत लेपावर रोज बारीक ओरखडे पाडते. कपडे धुण्याची पावडर किंवा सोडा यांसारख्या अल्कधर्मी द्रव्यांचा पॉलिकार्बोनेटवर वाईट परिणाम होतो, आणि रस्त्याकडेच्या अनेक धुलाई केंद्रांत नेमके तेच वापरतात. जिथे बोअरवेलच्या जड पाण्याने गाड्या धुतल्या जातात तिथे काचेवर क्षारांचे पांढरे डागही बसतात. ते डाग म्हणजे प्लॅस्टिकची हानी नव्हे. पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ते निघतात. पेपर हातात घेण्यापूर्वी हे एकदा करून पाहावे, कारण काही वेळा काम तेवढ्यावरच संपते.

धूसर काचेचे नुकसान दुहेरी असते. प्रकाश काचेतून सरळ जाण्याऐवजी विखुरतो, म्हणून रस्त्यावर कमी पडतो. आणि विखुरलेला प्रकाश वरच्या दिशेनेही जात असल्याने समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. अमेरिकेतील ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या सेडान गाड्यांच्या दिव्यांची मोजणी केली, तेव्हा पिवळे पडलेले दिवे लो-बीमवर (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोतावर) नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश देताना आढळले. त्याच मोजणीत घासून दुरुस्त केलेले दिवे सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आले, मूळ कंपनीचे नवे दिवे १०० टक्क्यांवर, आणि इतर उत्पादकांचे स्वस्त दिवे ८३ ते ९० टक्क्यांवर. दुरुस्त दिव्यांचा प्रकाश वाढला असला तरी समोरच्याला होणारी चकाकी तेथील नियमांत बसत नव्हती, असेही त्यांनी नोंदवले आहे. म्हणून दुरुस्तीनंतर दिव्याचा झोत तपासणे मी ऐच्छिक मानत नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता परीक्षा. काच साध्या कार शॅम्पूने धुऊन घ्यावी आणि तिच्यावर स्वच्छ पाणी सोडावे. पाणी वाहत असताना काच स्पष्ट दिसू लागली आणि सुकताच पुन्हा धूसर झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो निघू शकतो, कारण पाण्याने खडबडीतपणातील खाचा तात्पुरत्या भरल्या गेल्या होत्या. ओली असतानाही काच दुधाळ दिसत असेल तर दोष खोलवर किंवा आतल्या बाजूला आहे. मग अंधारात दिवा लावून काचेकडे तिरप्या नजरेने पाहावे. बल्बसमोरच्या भागात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चमकत्या भेगा दिसल्या आणि बाहेरून नख फिरवून त्या अजिबात जाणवल्या नाहीत, तर त्या प्लॅस्टिकच्या आत आहेत. पॉलिशने त्या जात नाहीत. घासत राहिले तर काच पातळ होईल आणि भेगा तशाच राहतील.

आतला आरसाही पाहावा. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर निर्वात कक्षात चढवलेला असतो. जादा वॅटच्या बल्बने तो करपला असेल किंवा आत पाणी जाऊन काळवंडला असेल तर बाहेरची काच कितीही लखलखीत केली तरी उजेड पडणार नाही, आणि तो पुसायला गेल्यास थरच निघून येतो. पावसाळ्यात आत थोडे धुके जमून दिवा लावल्यावर अर्ध्या तासात विरत असेल तर काळजीचे कारण नाही, कारण दिव्याला हवा खेळण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. मात्र तळाशी पाणी साचत असेल तर सील गेले आहे किंवा मागचे रबरी झाकण नीट बसलेले नाही, आणि ते आधी दुरुस्त करावे.

घरगुती उपायांविषयी मी तुच्छतेने बोलणार नाही, कारण ते का चालतात आणि का टिकत नाहीत हे कळले की पुढची चूक टळते. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांचे बारीक कण असतात; ते सौम्य पॉलिशचे काम करतात आणि हलकी धूसरता खरोखर काढतात. पण त्यामागून संरक्षण म्हणून काहीच उरत नाही, उलट उरलासुरला लेपही थोडा खरवडला जातो. खोबरेल, मोहरीचे तेल, डिझेल किंवा गंजरोधक स्प्रे यांचे तंत्र पाण्यासारखेच आहे: ते खाचा भरतात, काच चमकते, आणि पहिल्या धुलाईत किंवा उन्हात सगळे उडून जाते. डास पळवणाऱ्या ज्या स्प्रेमध्ये डीट हे द्रव्य असते तो मात्र वेगळ्या आणि घातक रीतीने काम करतो. डीट प्लॅस्टिकला विरघळवते, त्यामुळे पृष्ठभाग क्षणभर गुळगुळीत दिसतो, नंतर चिकट आणि भेगाळ होतो, आणि ओघळ बॉनेटवर आला तर रंगही खराब होतो.

वाफेची पद्धत याच जातीची आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. विजेवर तापणाऱ्या कपात एक द्रव भरून त्याच्या नळीतून येणारी वाफ काचेवर फिरवतात. पृष्ठभागाचा थर वितळून सपाट होतो आणि बघता बघता काच आरपार दिसू लागते. बाटलीवर घटक सहसा लिहिलेले नसतात. प्लॅस्टिक उद्योगात पॉलिकार्बोनेटला अशी चकाकी देण्यासाठी डायक्लोरोमीथेन वापरतात, पण तेथे ते बंदिस्त यंत्रणेत आणि मोजूनमापून होते. हे द्रव्य श्वासातून शरीरात गेले की त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि ज्योतीच्या किंवा फार तापलेल्या पृष्ठभागाच्या संपर्कात त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू निघू शकतो. फुटपाथवर उघड्या तोंडाने दिवसभर हे काम करणाऱ्या मुलांकडे पाहून मला दर वेळी चिंता वाटते. काचेच्या दृष्टीनेही हा सौदा वाईट आहे: द्रावकाने पृष्ठभागात ताण निर्माण होतो आणि काही महिन्यांनी तिथून बारीक भेगा फुटतात, ज्या पुढे पेपरने काढता येत नाहीत. शिवाय वाफ दिल्यावर अतिनील संरक्षणाचा लेप सहसा कोणी देत नाही. दहा मिनिटांत दिसणारा तो चमत्कार खरा असतो, पण तो नव्या लेपाची जागा घेऊ शकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सावलीत, काच पूर्ण थंड असताना उभी करावी. दिव्याभोवती रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावावेत. बॉनेटची कड आणि बंपरचा वरचा काठ या दोन जागा हमखास विसरल्या जातात आणि तिथला रंग पेपरच्या एका फटक्यात निघतो. दिवा उतरवण्याची गरज नाही. अनेक गाड्यांत त्यासाठी बंपर काढावा लागतो आणि जुन्या क्लिपा तुटतात.

रंगाच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर ६००, ८००, १०००, १५००, २००० आणि जमल्यास ३००० नंबरचा आणावा. सर्व पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून ठेवावेत आणि त्या पाण्यात शॅम्पूचे दोन-चार थेंब टाकावेत. पेपर बोटांनी दाबून घासू नये. बोटांचा दाब सारखा पडत नाही आणि काचेवर लाटा उमटतात, ज्या रात्री भिंतीवरच्या झोतात पट्ट्यांसारख्या दिसतात. रबराचा लवचिक ठोकळा किंवा दाट फोमचा तुकडा पाठीशी घ्यावा.

सुरुवात कोणत्या नंबरने करावी हे काचेच्या अवस्थेवर ठरते. नुसती धूसरता असेल तर ८०० किंवा १००० पुरेसा आहे. लेप पापुद्र्यासारखा जागोजागी सुटला असेल, आणि आपण केलेल्या वर्णनावरून तसे वाटते, तर ६००ने सुरू करावे, कारण कारखान्याचा लेप कठीण असतो आणि बारीक पेपर त्यावरून नुसता घसरतो. हा पहिला टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि घाई होते ती इथेच. सुरुवातीला पाणी पिवळसर-मळकट निघते. थोड्या वेळाने काच पुसून पाहिली की मॅट झालेल्या पृष्ठभागात काही गुळगुळीत, चमकती बेटे दिसतात. ती बेटे म्हणजे शिल्लक राहिलेला जुना लेप. ती पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे संपूर्ण काच वरपासून खालपर्यंत एकसारखी दुधी होईपर्यंत आणि निघणारे पाणी पांढरे होईपर्यंत, पुढचा पेपर हातात घेऊ नये. बेटे तशीच ठेवून वरून पॉलिश केले तर त्या दिवशी काच छान दिसते, पण काही आठवड्यांत जुन्या लेपाच्या कडा नकाशासारख्या उमटू लागतात. काच इतकी पांढरी झालेली पाहून अनेकांना धडकी भरते आणि ते मध्येच थांबतात. ही अवस्था अपेक्षित आहे आणि पुढच्या पेपरांनी ती निवळत जाते.

पुढे प्रत्येक नंबरला दिशा बदलावी. ६०० आडवा चालवला असेल तर ८०० उभा, मग १००० पुन्हा आडवा. त्यामुळे आधीच्या पेपरचे ओरखडे उरले आहेत की गेले हे लगेच दिसते. दर टप्प्याला काच धुऊन, पुसून, पूर्ण सुकवून तिरप्या उजेडात पाहावी. ६००वरून थेट २०००वर उडी मारली तर खोल ओरखडे तळाशी राहून जातात आणि मग कंपाऊंडने (पॉलिश करण्याच्या दाणेदार लेपाने) तासभर घोटले तरी निघत नाहीत. काचेवर उठावाची अक्षरे किंवा छोटे ठिपके असतात, त्यांच्याभोवती हलक्या हाताने फिरावे. काच फार पातळ होईल ही भीती बाळगू नये: तिची जाडी दोन ते तीन मिलिमीटर असते आणि हे सगळे घासून त्यातले काही डझन मायक्रॉनच जातात.

पेपर कोणत्या नंबरवर थांबवायचा हे कोणता लेप द्यायचा आहे त्यावर ठरते, आणि तो निर्णय काम सुरू करण्यापूर्वीच झालेला असावा. दोन भागांचा क्लिअर कोट (कडक करणारे द्रव्य, म्हणजे हार्डनर, मिसळून फवारायचा पारदर्शक लेप) मारायचा असेल तर १००० किंवा फार तर १५००वर थांबावे, कारण क्लिअर हे बारीक ओरखडे स्वतः भरून काढतो आणि त्याला धरून राहायला थोडा खडबडीतपणा लागतो. पुसून लावायचा लेप किंवा फिल्म बसवायची असेल तर ३०००पर्यंत जावे आणि मग पॉलिश करावे. तीन इंची फोम पॅड ड्रिल मशीनला लावून मिनिटाला १२०० ते १५०० फेरे या गतीने कंपाऊंड फिरवले तर काम लवकर होते. हातानेही होते, फक्त वेळ लागतो. मशीन एका जागी थांबवू नये. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सियसला मऊ पडते आणि घर्षणाने एखादा ठिपका पटकन तापतो, म्हणून मधूनमधून काचेला हात लावून पाहावा. हाताला चटका बसू लागला की थांबावे.

लेपापूर्वीची शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून करावी. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल यांतले काहीही काचेच्या जवळ आणू नये. यांनी पॉलिकार्बोनेट तडकते किंवा दुधाळ होते, आणि तोवर केलेली सगळी मेहनत क्षणात जाते.

लेपांचे पर्याय अनेक आहेत, पण माझ्या मते ते एकसारखे नाहीत. मेण किंवा साधा सीलंट काही आठवडेच टिकतो आणि दर महिन्याला पुन्हा लावण्याची शिस्त असेल तरच उपयोगी पडतो. किटमध्ये येणारे पुसून लावायचे लेप आणि सिरॅमिक कोटिंग त्यापेक्षा बरे असतात. झाकलेल्या पार्किंगमधल्या गाडीवर ते वर्षभर साथ देऊ शकतात, मात्र विदर्भाच्या उन्हात रोज उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी त्यांच्यावर विसंबणार नाही. हार्डवेअरच्या दुकानातला हार्डनरशिवायचा क्लिअर स्प्रे तर घेऊच नये: त्यातले द्रावक काच तडकवू शकते आणि तो स्वतःच लवकर पिवळा पडून सोलून निघतो.

उघड्यावर राहणाऱ्या गाडीसाठी मी हार्डनर घालून वापरायचा दोन भागांचा क्लिअर कोट सुचवतो. गाडीच्या बॉडीवर रंगानंतर मारतात तोच हा. त्यात अतिनील शोषक असतात, आणि सुकल्यावर त्याची जाडी चाळीस ते साठ मायक्रॉन भरते, म्हणजे कारखान्याच्या लेपाच्या कितीतरी पट. नीट मारला तर तो महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या हिशेबाने टिकतो. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ज्याचा फवारा श्वासात गेल्यास दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्यापासून काहीही संरक्षण देत नाही. म्हणून हे काम घरी करू नये. घासण्याचे काम आपण १००० नंबरपर्यंत घरी उरकावे आणि गाडी ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यावी. त्याच्याकडे ज्या दिवशी दुसऱ्या एखाद्या गाडीवर क्लिअर मारायचा असेल त्या दिवसाची वेळ घेतली तर गनमध्ये भरलेल्या मालातच आपल्या दोन काचा होऊन जातात, आणि तोही फारसे पैसे मागत नाही.

पेंटरला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिला हात अगदी पातळ, धुक्यासारखा मारावा, कारण पहिलाच थर ओला आणि जाड पडला तर त्यातले द्रावक प्लॅस्टिकवर हल्ला करते. तो आठ-दहा मिनिटे सुकल्यावर एक किंवा दोन पूर्ण थर द्यावेत. आणि क्लिअर पातळ करण्यासाठी थिनर कमीत कमी घालावा. हार्डनरचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते तेवढेच ठेवावे. नंतर निदान एक दिवस पाणी लागू देऊ नये आणि पूर्ण कडक होईपर्यंत आठवडाभर काच घासून पुसू नये.

हवामानाकडेही पाहावे लागते. पावसाळी दमट हवेत क्लिअर दुधाळ पडण्याचा धोका असतो, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम बूथ (फवारणीची बंद खोली) नसलेल्या जागी करू नये. नागपूरला अडचण उलटी आहे: मेमधल्या दुपारी क्लिअर पसरण्यापूर्वीच सुकतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड येते. तिथे हिवाळ्यातला किंवा फेब्रुवारीतला सकाळचा वेळ उत्तम.

दुसरा चांगला पर्याय म्हणजे पीपीएफ, अर्थात रंगावर चिकटवतात ती पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. ती दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीची असते, त्यामुळे महामार्गावर समोरच्या ट्रकच्या चाकांतून उडणारे खडेही ती झेलते, आणि खराब झाली की काढून नवी लावता येते. काच आधी पूर्ण पॉलिश केलेली हवी आणि फिल्म अगदी पारदर्शकच घ्यावी. धुरकट रंगाची फिल्म लावली तर ज्या प्रकाशासाठी एवढे केले तोच अडतो. नवीन गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात हेडलाइटला अशी फिल्म लावणे हा माझ्या अनुभवात सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

असेंब्ली बदलणे कधी योग्य, तेही सांगतो. प्लॅस्टिकच्या आतल्या भेगा, करपलेला रिफ्लेक्टर, तुटलेले कान (दिवा गाडीला बसवण्याचे टोक) किंवा आतल्या बाजूची धूसरता असेल तर बदलणेच बरे. दिवा भट्टीत तापवून सील मऊ करून उघडणारे कारागीर आहेत, पण आजकालचे अनेक दिवे कायमच्या सीलचे असतात आणि उघडताना काच किंवा बॉडी तडकते. नवा घ्यायचा तर शक्यतो मूळ कंपनीचाच घ्यावा, निदान मान्यतेची खूण उठवलेला तरी. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या भागांच्या दुकानांत मूळ कंपनीचे वापरलेले दिवे मिळतात. तिथे घेतानाही वर सांगितलेली पाण्याची आणि तिरप्या नजरेची परीक्षा जागेवरच करावी.

काच स्वच्छ झाल्यावरही उजेड कमी वाटला तर बल्ब आणि वायरिंगकडे वळावे. आपल्या हॅचबॅक गाड्यांत सहसा ६०/५५ वॅटचा एच-फोर हॅलोजन बल्ब असतो. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या घटीपेक्षा फार वेगाने घटतो: बल्बपाशी व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी पोहोचले तर प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी कमी होतो. जुन्या गाडीत गंजलेली अर्थिंग आणि सैल सॉकेट यामुळे हे सहज घडते. म्हणून आधी अर्थिंगचे टोक स्वच्छ करावे, मग दोन्ही बल्ब जोडीने बदलावेत, आणि बल्बच्या काचेला बोट लावू नये. १००/९० वॅटचे बल्ब घालून कमतरता भरून काढू नये. त्यांच्या उष्णतेने रिफ्लेक्टर आणि काच दोन्ही आतून खराब होतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खोचल्याने झोताचा आकार बिघडतो आणि समोरच्याला त्रास होतो, म्हणून मी तोही सल्ला देत नाही.

शेवटी झोत. टायरमध्ये योग्य हवा भरून आणि चालकाच्या जागी कोणाला तरी बसवून गाडी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करावी. डॅशबोर्डवरचे लेव्हलिंगचे बटण शून्यावर ठेवावे. जमिनीपासून दिव्याच्या केंद्राची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर टेपची आडवी रेघ चिकटवावी. लो-बीम लावल्यावर उजेड आणि अंधार यांच्यातली सीमारेषा त्या टेपच्या पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली यायला हवी, दोन्ही दिव्यांची सारखी. काच धूसर असताना ही सीमा दिसतच नाही, त्यामुळे अनेक गाड्यांचे दिवे वर्षानुवर्षे उजेडासाठी वर उचलून ठेवलेले असतात आणि काच साफ झाल्यावर ते थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दिव्याच्या मागे उंचीचा स्क्रू असतो. तो चौथाई-चौथाई फेऱ्याने फिरवत रेषा खाली आणावी. स्क्रू जाम झाला असेल तर जोर लावू नये, कारण त्याचा प्लॅस्टिकचा दाता तुटला तर दिवा लेव्हलला राहतच नाही. अशा वेळी बीम-सेटर यंत्र असलेल्या गॅरेजमधून ते करून घ्यावे.